सात टक्क्यांचा आकडा आणि केळीचा भाव

'संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55.' जळगाव-धुळ्याकडच्या गटांत हा मेसेज पुन्हा फिरतोय. खाली सल्लाही आहे: समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मान डोलवा, मध्ये बोलू नका; झालात उत्तम श्रोते!

'हे शास्त्राने सिद्ध केलंय.' काय सिद्ध केलंय? आकडे आले अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या दोन प्रयोगांतून. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात 'मेबी', म्हणजे 'कदाचित', एवढाच शब्द आणि जोडीला चेहऱ्यांचे फोटो. विचारलं एवढंच, की बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी वाटते की नावड. दोन्हींची बेरीज जुळवून 7-38-55 झालं. भावना आणि आवड-नावड सोडून इतर बोलण्याला हे लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय. मेसेज पुढे ढकलणारे नेमकं तेवढं गाळतात.

भावनेपुरतं ते खोटं नाही. 'जेवूनच जा' कोणत्या सुरात निघालं, यावर दारातला पाहुणा चप्पल काढतो की घालतो ते ठरतं.

'शब्द गौण.' रावेरच्या केळीवाल्याला हे सांगून बघा. व्यापारी फोनवर म्हणतो, "अठराशे." चेहरा दिसत नाही, म्हणजे 55 टक्के तिथेच गेले, तरी क्विंटलचा भाव चोख कळतो. भांडण होतं ते न बोललेल्या शब्दांवरून. कटती, म्हणजे वजनातली वजावट, धरून की सोडून? पैसे गाडी भरताना की नंतर? गोड आवाजाने यातलं काही ठरत नाही. तिकडे नंदुरबारच्या धडगावला पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आजोबांच्या चेहऱ्यावरचं दुखणं डॉक्टरला दिसेल, पण ते कधीपासून आणि आधी कोणती गोळी घेतली, हे पावरी जाणणारं माणूस मध्ये असल्याशिवाय कळत नाही.

'मान डोलावली की ऐकलं.' माझा खरा आक्षेप इथे आहे. कृषी केंद्रात फवारणीचं औषध देताना दुकानदार सांगतो, "पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली." गिऱ्हाईक "हो हो" करतं. दुकानदार हुशार असला तर विचारतो, "आप्पा, किती टाकाल सांगा बरं?" उत्तर येतं, "एक झाकण." कोणत्या बाटलीचं? आता कुठे संवाद सुरू झाला. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये सक्रिय श्रवण मांडलं, त्याचा गाभा हाच: ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून ताडून पाहायचं. त्यासाठी मध्ये बोलावंच लागतं.

डोळ्यांत बघण्याचं तर सोडाच. निंदणीला बसलेल्या बायांची नजर दिवसभर तणावर असते, आणि कुणाच्या लेकीची सोयरीक कशावरून अडली ते संध्याकाळी प्रत्येकीला तपशिलासकट पाठ असतं.