कॅनॉनिकल टॅग असताना रिडायरेक्ट कशाला? : गेवराईच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. एकच साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना अशा दोन पत्त्यांवर उघडत असेल, तर एका पत्त्यावर रिडायरेक्ट लावा, म्हणजे तिथे येणारा आपोआप दुसऱ्याकडे वळेल, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की कॅनॉनिकल टॅग, म्हणजे पानाचा खरा पत्ता कोणता ते सांगणारी कोडमधली ओळ, टाकला की गूगलला खरा पत्ता कळतो, मग तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला सर्व्हरच्या फाइलीत हात घालायला लावायचं कशाला? शिवाय माझं वाचून ३०१ क्रमांकाचा रिडायरेक्ट लावला आणि तुमची साइट तुमच्याच फोनवर चुकीच्या पत्त्याला अडकून बसली.

अडकण्याबद्दल तुमचं खरं आहे. ३०१ म्हणजे कायमचा बदल, ब्राउझर तो लक्षात ठेवतो. सर्व्हरवर चूक दुरुस्त केली तरी फोन जुन्याच वाटेने जातो. आधी ३०२, म्हणजे तात्पुरता रिडायरेक्ट, लावून चार दिवस तपासा, मग ३०१ करा, हे मी लिहायला हवं होतं. लेखात आज ती भर घातली आहे.

टॅगचं मात्र पटत नाही. २००९ साली तो आला तो सर्च इंजिनांसाठी. गूगलही त्याला सूचना मानतं, हुकूम नव्हे. आणि ब्राउझर त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. माणूस ज्या पत्त्यावर आला, तिथेच राहतो.

माझ्या मेहुण्याचं नांदेडला नव्या मोंढ्यात बियाण्यांचं दुकान आहे. पावतीवर पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून छापलेला, व्हॉट्सॲपवर फिरणारी लिंक त्याशिवायची. मृगाच्या तोंडावर एका शेतकऱ्याने पावती बघून पत्ता टाकला, सोयाबीनच्या चार बॅगा कार्टमध्ये घेतल्या. संध्याकाळी पैसे भरायला ग्रुपवरची लिंक उघडली, तर कार्ट रिकामं. "मालक, चार बॅगा घेतल्या होत्या, गेल्या कुठं?" असा त्याचा फोन. एका नावाखाली ठेवलेली कुकी, म्हणजे कार्ट ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, दुसऱ्या नावाला दिसत नाही, मुद्दाम तशी सोय केल्याशिवाय. कॅनॉनिकल टॅग प्रत्येक पानावर होता, अगदी बरोबर होता. त्या शेतकऱ्याच्या तो काय कामाचा?

ऐन पेरणीत माणूस दुसऱ्यांदा कार्ट भरत नाही, शेजारच्या दुकानात जातो. म्हणून मी रिडायरेक्टचा एवढा आग्रह धरतो.

तो लावताना पत्त्यात साइटच्या नावानंतर येणारा पानाचा मार्ग जसाच्या तसा पुढे जाऊ द्या. बियाण्यांच्या दरांच्या पानाची लिंक दाबली आणि मुखपृष्ठ उघडलं, तर त्याला पत्ता सांगणं म्हणत नाहीत. उडी एकच ठेवा. आधी एचटीटीपीएस या सुरक्षित पत्त्याकडे, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढायला पुन्हा, असं केलं की वाडीवरच्या अशक्त नेटवर्कवर उगीच जास्तीचा वेळ जातो. आणि सुरक्षित जोडणीसाठी लागणारं प्रमाणपत्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना अशा दोन्ही नावांचं घ्या. सुरक्षित जोडणी आधी होते, रिडायरेक्ट नंतर. एका नावाचं प्रमाणपत्र नसेल तर गिऱ्हाईक लाल इशाऱ्यावरूनच मागे फिरतं.

तुमच्या फोनचं सांगतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन साठवलेल्या फाइली साफ करा, मग आपली साइट चारही पत्त्यांनी उघडून बघा : एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना. कुठला पत्ता कुठे नेतो ते इथेच लिहा, म्हणजे नियमाची कोणती ओळ चुकली ते सापडेल.