सिंगल माणूस शेवटी दुःखीच राहतो? दाव्यातला एकेक मुद्दा तपासू

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्याचा गोषवारा असा: "लग्न झालेली माणसं जास्त सुखी असतात आणि जास्त जगतात, हे संशोधनाने सिद्ध झालंय. सिंगल माणूस तरुणपणी मजेत दिसतो, पण पुढे एकाकी पडतो. आजारपणात त्याला पाणी द्यायलाही कोणी नसतं. मी एकटा सुखी आहे, ही निव्वळ मनाची समजूत." असलं वाचून धास्तावलेली माणसं घाईने आयुष्याचे निर्णय घेतात, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं.

"लग्नाने माणूस सुखी होतो, हे सिद्ध झालंय."

अशा बऱ्याच तुलनांमध्ये एका बाजूला सध्या संसारात असलेली माणसं असतात आणि दुसऱ्या बाजूला उरलेली सगळी. म्हणजे घटस्फोटित, जोडीदार गमावलेले आणि कधीच लग्न न केलेले एकाच रकान्यात. नापास झालेल्या मुलांची नावं दुसऱ्या शाळेच्या पटावर चढवली, तर पहिल्या शाळेचा निकाल १०० टक्केच लागणार.

त्यापेक्षा त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं पाहत राहणं जास्त विश्वासार्ह. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी २००३ साली जर्मनीतल्या २४,००० हून अधिक लोकांची १५ वर्षांची माहिती तपासली. पुढे लग्न करून टिकवणारी माणसं लग्नाआधीपासूनच थोडी जास्त समाधानी होती. लग्नाच्या सुमारास समाधान जरा वाढलं आणि मग सरासरीने जवळपास मूळ पातळीवर आलं. काहींच्या बाबतीत ती वाढ टिकली, काही जण आधीपेक्षाही खाली गेले.

उलट बाजूचा खोटा दावाही इथेच खोडून काढायला हवा, कारण तो सिंगल माणसांची बाजू घेणाऱ्यांच्या सोयीचा आहे. "लग्न न केलेल्या, मूल नसलेल्या स्त्रिया सगळ्यांत सुखी" हे विधान २०१९ मध्ये वर्तनशास्त्राचे प्राध्यापक पॉल डोलन यांच्या नावाने गाजलं. त्यांनी असंही म्हटलं होतं की जोडीदार खोलीत नसला की विवाहित माणसं आपण दुःखी असल्याचं सांगतात. मूळ पाहणीत "जोडीदार गैरहजर" याचा अर्थ जोडीदार त्या घरात राहत नाही, असा होता. चूक दाखवून दिल्यावर त्यांनी ती मान्य केली. हा आधार कुणीही वापरू नये.

"एकटं राहणं म्हणजे एकाकी असणं."

मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड यांच्या २०१० च्या विश्लेषणात १४८ अभ्यास आणि ३,०८,८४९ माणसं होती. नाती भक्कम असणाऱ्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. "जास्त जगतात" म्हणताना याच आकड्याकडे बोट दाखवलं जातं. पण सगळ्यांत ठळक फरक पडला तो माणूस वेगवेगळ्या नात्यांत किती गुंतलेला आहे याने. घरात एकटा राहतो की कुणासोबत, याने सगळ्यांत कमी.

अशी नाती जमवायला वेळ लागतो. किती, याचा अंदाज संवादशास्त्राचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये दिला: ओळखीचा मित्र व्हायला सुमारे ५० तास, खरा मित्र व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० हून अधिक. आठवड्याला दोन तास धरले तर २०० तासांना जवळजवळ दोन वर्षं लागतात. "भेटू कधीतरी" म्हटल्याने हे तास भरत नाहीत. वार आणि वेळ ठरलेली हवी, मग चालायला जाणं असो, गाण्याचा सराव असो की कुणाला घरकामात हात लावणं असो. नेहमीची चूक म्हणजे सगळा भार एकाच जिवलगावर टाकणं. तो दुसऱ्या गावी गेला किंवा संसारात गुंतला की सगळंच कोसळतं. निदान चार-पाच माणसं हवीत, आणि ती सगळी एकाच गटातली नकोत.

एक उणीव मात्र खरी आहे. "आज काय झालं माहितीये?" हे रोज सांगायला हक्काचं माणूस, आणि साधा स्पर्श. ही उणीव नाकारून ती भरत नाही. ठरलेल्या वेळी रोज दहा मिनिटांचा फोन पहिल्या गरजेला बराच पुरतो. दुसऱ्या गरजेला तितका सोपा पर्याय नाही.

"आजारपणात कोण बघणार?"

भीती रास्त आहे, पण जोडीदार हे तिचं कायमचं उत्तर नाही. दोघांतलं एक जण बहुधा मागे राहतंच. म्हणून पुढची तयारी विवाहितांनाही लागते.

शेजारी किंवा मित्राकडे घराची किल्ली ठेवा. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: रात्री आतून कडी लावली की बाहेरची किल्ली निकामी होते. कडीऐवजी आतून हाताने आणि बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवा आणि किल्ली दिलेल्या माणसाला एकदा प्रत्यक्ष दार उघडून बघायला सांगा. फोन रात्री उंच फळीवर नको. जमिनीवर पडलात तरी हात पोचेल असा ठेवा. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि जवळच्या दोघांचे नंबर लॉक न उघडता दिसतील अशी सोय फोनमध्ये करा. रोज सकाळी एकाला "उठलो" एवढा मेसेज टाका. तो ठरल्या वेळेपर्यंत आला नाही तर समोरच्याने काय करायचं, हे आधीच ठरवा: आधी फोन, तासाभराने दारात. हे ठरलेलं नसेल तर समोरचा "झोपला असेल" म्हणून दिवसभर थांबतो.

कागदपत्रंही हवीत. आपण बेशुद्ध असताना उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, हे लिहून ठेवलं नसेल तर बऱ्याच देशांत तो हक्क रक्ताच्या नातेवाइकांकडे जातो, मग त्यांच्याशी बोलणं का नसेना. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र आणि उपचारांचं अधिकारपत्र वकिलाकडून करून घ्या. घरात एकच पगार असेल तर तो थांबला की सगळंच थांबतं, म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

"सिंगल माणसं स्वार्थी असतात."

अमेरिकेतल्या पाहण्यांवरून समाजशास्त्रज्ञ नतालिया सर्किसियन आणि नाओमी गर्स्टेल यांनी २०१६ मध्ये दाखवलं की आईवडील, भावंडं, शेजारी आणि मित्र यांच्याशी संपर्क ठेवणं, त्यांना मदत करणं यात विवाहितांपेक्षा सिंगल माणसं पुढे होती.

"मग जोडीदार हवासा वाटणंच चूक का?"

अजिबात नाही. कुणाला हवा असतो, कुणाला नको, कुणाचं मन पुढे बदलतं. काळजी करायची ती भीतीची. मानसशास्त्रज्ञ स्टेफनी स्पीलमन आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या संशोधनात एकटेपणाची भीती जास्त असलेली माणसं कमी आस्था दाखवणाऱ्या जोडीदारावरही समाधान मानायला तयार होती, आणि न पटणारं नातंही स्वतःहून तोडायला धजत नव्हती. वरच्यासारखा मजकूर हीच भीती वाढवतो.