फुकटचं ऊन

आमच्या सांगलीत ऊन भरपूर. पाणीही भरपूर, पण ते ऑगस्टात घरापर्यंत चालत येतं, त्यामुळे त्याचं कौतुक नको.

जानेवारीत मला मासे आणि पाणवनस्पती पाळायची हुक्की आली. दुकानदारानं नुसत्या दिव्याची किंमत सांगितली आणि मी हात जोडले. आमच्या दक्षिणेच्या खिडकीत सकाळी दहापासून ऊन लोळत पडलेलं असतं, ते कुणाच्या बापाचं? दोन फुटी टाकी तिथं मांडली. तळाला इंचभर चाळलेली काळी माती, वर इंचभर वाळू, त्यात व्हॅलिसनेरिया नावाच्या पाणगवताच्या पात्या आणि सहा गप्पी. आई दारात उभी राहून बघत होती. "२०१९ ला घरात पाणी शिरलं, तेव्हा हौस फिटली नाही होय रे तुझी?"

पहिले दोन आठवडे दृष्ट लागण्यासारखे गेले. दुपारी बाराला पातीच्या टोकातून प्राणवायूचे बारीक बुडबुडे एकामागोमाग एक निघायचे, सोड्याच्या बाटलीत निघतात तसे. मी जेवण सोडून बघत बसायचो.

तिसऱ्या आठवड्यात पाणी पोपटी दिसायला लागलं. मी चष्मा पुसला. चौथ्यात कैरीचं पन्हं, पाचव्यात पालकाचं सूप. माती पाण्यात खत सोडत होती, वरून सहा तास ऊन, आणि व्हॅलिसनेरियाबाई अजून मुळं रोवण्यातच गुंतलेल्या. मधल्या मधे एकपेशीय शेवाळानं पंगत मारली. मी अर्धं पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी रंग पुन्हा हजर.

शेजारचे काका काचेला नाक लावून म्हणाले, "मासे कुठायत वो?"

"आहेत."

"किती?"

"सहा होते."

मग कळलं की शेवाळाला अंधारात कोंडायचं असतं. टाकी चादरीत गुंडाळली, चार दिवस. त्यात एक मावशी घरी आल्या. चादर बघून त्यांनी चप्पल बाहेर काढून ठेवली, लांबूनच नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "प्रतिष्ठापना कधी?" मी काही बोललो नाही. गप्पींचा एवढा मान कोण करतो?

पाचव्या दिवशी चादर काढली. पाणी निवळलं होतं आणि सहाचे तेवीस झाले होते. अंधाराचा त्यांनी आपल्या परीनं उपयोग केला होता.

आता सुटलो म्हणतोय तोवर एप्रिल उजाडला आणि खिडकीतलं ऊनच गेलं! हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून ऊन पार आतपर्यंत येतं. पुढे तो वर चढत जातो. मेच्या पहिल्या आठवड्यात तर सांगलीत भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून उत्तरेला सरकतो. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळतंय, आणि आत माझ्या वनस्पती उन्हावाचून पिवळ्या! दिव्याला निदान बटण तरी असतं.

शेवटी टाकी पूर्वेच्या खिडकीत न्यायची ठरली. पन्नासेक लिटर पाणी, त्यात माती आणि वाळू. भरलेली टाकी उचलण्याची कल्पना माझ्या कंबरेला मान्य नव्हती. बादल्या भरभरून पाणी काढत होतो, तर आई रिकामी बादली घेऊन आली. मला न सांगता ती ते हिरवं पाणी महिनाभर तिच्या गुलाबाला घालत होती. गुलाबाला अकरा कळ्या.

आता पूर्वेच्या खिडकीत सकाळचं दोन तास कोवळं ऊन येतं. पाणी आरशासारखं, मासे मजेत. परवा आई बराच वेळ टाकीकडे बघत उभी होती. मला वाटलं, अखेर आवडलं.

"काय रे," ती म्हणाली, "हे परत हिरवं कधी होणार?"