‘पेपर आहेत ना? मग डोळे झाकून घ्या’: या सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या रोलेक्स-ओमेगा घड्याळांच्या खरेदी-विक्रीत एक मेसेज सतत फिरतो: ‘ओरिजिनल पेपर (घड्याळासोबत मिळालेलं हमीपत्र) असतील तर डोळे झाकून घ्या. नसतील तर माल चोरीचा. आणि अगदीच अडलं तर कंपनीकडून जुन्या नोंदींचा दाखला मागवा, विषय संपला.’

पहिला दावा सर्वांत महागात पडणारा. जुन्या रोलेक्सच्या हमीपत्रावर असतं काय? टोचून छिद्रांत उमटवलेला सिरियल नंबर, दुकानाचा शिक्का, विक्रीची तारीख. तबकडी, काटे, बेझल (काचेभोवतीची कडी) यांबद्दल अवाक्षर नाही, आणि किंमत ठरते ती मुख्यतः तबकडीवर. पन्नास वर्षांत सर्व्हिसला गेलेल्या घड्याळाची तबकडी बदललेली असणं अगदी नेहमीचं.

१९७०च्या दशकातली रोलेक्सची सबमरिनर घ्या. तिच्या तबकडीवरचे ठिपके अंधारात चमकावेत म्हणून त्यांत ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ असतो. त्याचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे आज जेमतेम सोळावा हिस्सा उरलेला. टॉर्चचा उजेड देऊन अंधारात न्या. ठिपके थोडा वेळ चमकून विझले तर ठीक. तासाभरानंतरही हिरवेगार दिसले, तर तबकडी नंतरची आहे किंवा ठिपके नव्याने भरलेत. पेपर मात्र शंभर टक्के खरे असू शकतात! (तबकड्या रंगवण्यात आपली मुंबई इतकी पुढे, की अशा घड्याळांना परदेशातले संग्राहकही ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.)

मग पेपर याच घड्याळाचे आहेत का, ते पाहायचं. पट्टा काढा. सहाच्या बाजूला दोन लगांच्या (पट्टा जिथे अडकतो त्या केसच्या टोकांच्या) मध्ये सिरियल नंबर, बाराच्या बाजूला मॉडेल नंबर. भिंगाखाली अस्सल आकड्यांच्या रेषा खोल आणि धारदार दिसतात. उथळ, रवाळ दिसल्या तर सावध. पट्ट्याच्या घासणीने आकडे पुसट होतात, त्यात वावगं काही नाही. पुसट जागेत एखादाच आकडा ताजा दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा. कोरी जुनी हमीपत्रं आणि रिकामे बॉक्स बाजारात सुटे मिळतात. बॉक्सवर तर सहसा सिरियल नंबरच नसतो, त्यामुळे तो घड्याळाबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

चोरीचं म्हणाल, तर घर फोडणारा कपाटातला बॉक्सही उचलतो. हमीची मुदत संपल्यावर कागद फेकून देणारे लोक तर घरोघरी. सिरियल नंबर ‘द वॉच रजिस्टर’सारख्या चोरीच्या नोंदवहीत तपासून घेतलेला बरा.

आता दाखला. रोलेक्स तो देतच नाही. पाटेक फिलिप ही दुसरी स्विस घड्याळ कंपनी देते, पण त्यात मशीनचा व केसचा नंबर, निर्मितीची आणि विक्रीची तारीख असते: कारखान्यातून काय बाहेर पडलं ते कळतं, आज हातात काय आहे ते नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात १९५७ची म्हणून ओमेगाची एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेली. घेणारं ओमेगाचंच संग्रहालय. २०२३मध्ये ओमेगानेच सांगितलं की ते घड्याळ सुटे भाग जुळवून बनवलेलं होतं आणि कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा त्यात हात होता. मशीनचा नंबर, मॉडेल आणि विक्रीची तारीख यांना कंपनीनेच दुजोरा दिला होता, असं फिलिप्सचं म्हणणं.

पेपरला किंमत नाही असं कुणी म्हणत नाही. एकाच मॉडेलची, सारख्याच अवस्थेतली दोन घड्याळं असतील तर पेपरवाल्याला जास्त पैसे द्या. पण लगांच्या कडा पॉलिशने गोल झालेलं पेपरवालं आणि कडा शाबूत असलेलं बिनपेपरचं, यात दुसरंच घ्यावं. विक्रेत्याकडे फोटो मागताना आधी उघड्या झाकणातून मशीनचा, मग लगांमधल्या नंबरांचा, मग तबकडीचा जवळून मागा. हमीपत्राचा सगळ्यात शेवटी.