फक्त ६०?

टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बाहेर आलो तेव्हा छातीवरच्या थंड जेलने शर्ट चिकटला होता. पुसायला एकच टिश्यू मिळतो. तपासणीचे पैसे घेताना मात्र हात असा आखडत नाही. रिपोर्ट उघडतोय तोच शेजारी बसलेले, इंदूरच्या रामबागेतले काका खांद्यावरून डोकावले. मांडीवर बीपीची फाईल, फाईलवर लवंगी शेवेचं पाकीट.

"ईएफ किती?"

"६०."

"फक्त ६०?" काकांचा चेहरा पडला. "माझं ६२. बाकीच्या ४०चं काय म्हणाले?"

"काही नाही. नॉर्मल आहे."

"६० टक्क्यांत होळकर कॉलेजात तरी ॲडमिशन मिळते का हो?"

सांगून पाहिलं. ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, भरलेल्या रक्तातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर जातं ते. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात १२० मिली रक्त भरलं आणि एका ठोक्याला ७२ बाहेर गेलं, की झालं ६० टक्के. ५५ ते ७० म्हणजे उत्तम. १०० म्हणजे कप्पा पार कोरडा, तसं कुणाचंच होत नाही.

"म्हणजे ४८ मिली आतच राहतं? रोज?"

"दर ठोक्याला."

"शिळं?"

यावर कोणत्याही कार्डिऑलॉजिस्टकडे उत्तर नसावं. काकांनी शेवेचा बकाणा भरला. त्यातल्या मिठाबद्दल मी बोललो नाही. इंदुरात शेवेला नावं ठेवून कुणी सुखरूप घरी जात नाही.

वैताग असा, की बीपीवाल्यांनी ज्याकडे बघायचं ते हे ईएफ नव्हेच. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून कप्प्याची भिंत जाड होते. पुरुषांत १० मिलिमीटर, बायकांत ९, त्यापुढे जाडच. अशी भिंत आकुंचन झकास पावते, पण सैल पडायला कुरकुरते. कोरा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, तसं आत येणाऱ्या रक्ताचं होतं. आणि ईएफ आपलं ६०वर ऐटीत बसलेलं!

हे पकडतं डॉपलर, म्हणजे इकोतलंच वेग मोजणारं तंत्र. रक्त आत येण्याची पहिली लाट 'ई', दुसरी 'ए'. ई भागिले ए ०.८च्या खाली गेलं की रिपोर्टात 'ग्रेड वन' येतं, म्हणजे सैल पडण्यातल्या कुरकुरीची पहिली पायरी. पण साठीनंतर हे गुणोत्तर तब्येत ठणठणीत असली तरी घसरतं. म्हणून झडपेच्या कडेचा स्नायू किती वेगाने हलतो तेही मोजायचं: हृदयाच्या मधल्या पडद्याच्या बाजूला सेकंदाला ७ सेंटिमीटर, बाहेरच्या बाजूला १०, त्याहून कमी असेल तर शंका. माझ्या रिपोर्टात 'ग्रेड वन' ठळक अक्षरांत, आणि हा रकाना कोरा.

इकोच्या वेळचं बीपीही रिपोर्टात हवं, कारण दाब बदलला की हे आकडेही हलतात. ते मोजलं कसं? शर्टाच्या बाहीवरून, हात लोंबकळत, मोबाईल नंबर विचारता विचारता. पाच मिनिटं गप्प बसवायचं असतं, हाताला छातीच्या उंचीवर आधार द्यायचा असतो, पट्टा दंडाच्या मापाचा लागतो. लहान पट्टा आकडा फुगवतो. एवढं करून तो आकडा लिहिलाच नाही.

"माझं लिहिलंय," काका म्हणाले, "पण वय ३४ दाखवतायत."

मग ते उठले आणि काउंटरवर जाऊन उरलेल्या ३८ टक्क्यांची रिचेकिंग मागू लागले. मुलीने मान वर न करता सांगितलं, "अंकल, उसका चार्ज अलग लगेगा."