वाहतूक भत्ता आणि माझा उजवा पाय

ऑगस्टअखेर मी निवृत्त होतोय. पेन्शनचे कागद भरायला गेलो तेव्हा टेबलापलीकडच्या पोराला विचारलं, "अपंग म्हणून मिळणारा दुप्पट वाहतूक भत्ता बंद होणार, हे ठाऊक आहे. पण त्याच्या जागी पुढे काही आहे का रे?" तो अगदी मायेने म्हणाला, "अंकल, अब रोज़ कहाँ जाना है? घर पे आराम करो."

पोरगा चांगला आहे. रॅम्पवर लावलेल्या गाड्या मला येताना बघून तोच हलवतो. पण ते वाक्य आठ दिवस डोक्यातून जात नाहीये, कारण नियमाचंही म्हणणं नेमकं तेच आहे.

केंद्राच्या नोकरीत सातव्या वेतन आयोगाने वाहतूक भत्त्याचा वरचा दर ज्या 19 शहरांना दिला, त्यात आपलं इंदूर आहे. माझ्या लेव्हलला 3600 आणि त्यावर महागाई भत्ता. अपंग कर्मचाऱ्याला हाच दुप्पट, म्हणजे 7200 अधिक महागाई. (दिव्यांग म्हणा, असं आता सांगतात. मी साठ वर्षं अपंग होतो, आता नाव बदलून घेत नाही.) एवढी वर्षं याच पैशांतून बाजूला चाकं लावलेल्या अ‍ॅक्टिव्हाचं पेट्रोल, पावसाळ्यातली रिक्षा, कॅलिपरची (पायाला बांधायच्या आधाराची) दुरुस्ती आणि कुबडीची रबरं निघाली. पेन्शन म्हणजे मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि महागाई. त्यात पायाचा हिशेब कुठेच नाही.

आमचे साडू म्हणतात, "अरे, भत्ता तर सगळ्यांचाच बंद होतो!" होतो ना. पण साडू सकाळी भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत फुकटात, चालत जातात. मला त्या कोपऱ्यापर्यंत जायलाही पेट्रोल लागतं.

आणि हे सगळं कोणत्या वयात? मला पोलिओ झाला 1967 साली, दीड वर्षाचा होतो. पोलिओचे डोस सरकारी लसीकरणात यायला तेव्हा बारा वर्षं होती. पोलिओतून वाचलेल्या अनेकांना पंधरा ते चाळीस वर्षांनी पुन्हा नवा अशक्तपणा येतो, चांगले वाटणारे स्नायूही थकतात, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. माझं तर आधी खांद्यांनी मान टाकली. चाळीस वर्षं जिने चढले ते पायांनी थोडेच, खांद्यांनीच चढले. माझ्या अपंगत्वाच्या दाखल्यावर मात्र अजून 60 टक्के, उजवा पाय, कायमस्वरूपी. दाखला काढला तेव्हा मी विशीत होतो, खांदे दगडासारखे होते. 'कायमस्वरूपी' लिहिलं की पुन्हा कोणी विचारायला येत नाही, ही सोय आहे आणि तोच घोटाळाही.

नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी 2011 मध्ये. चांगलंच झालं. पण माझ्यासारखे आता साठीला टेकलेत, आणि आमच्या म्हातारपणाचं काय करायचं हे कोणाच्या फाइलमध्ये नाही.

भाची इंग्लंडात लेस्टरला असते, तिला वाटलं तिकडे तरी बरं असेल. तिकडचं ऐकून मला हसू आलं. सरकारी पेन्शनच्या वयाआधी, म्हणजे साधारण 66-67 च्या आधी, अपंगत्वाची मदत सुरू झालेली असेल तर ती पुढे चालू राहते आणि त्यात हिंडण्याफिरण्याचा वेगळा भाग असतो. पण वय उलटल्यावर पहिल्यांदा अर्ज केलात तर दुसरा भत्ता मिळतो. त्यात सेवाशुश्रूषेचे पैसे आहेत, फिरण्याचे नाहीत. तिथलंही सरकार त्या पोरासारखंच विचारतं, आता कुठे जायचंय?

माझं रडगाणं तरी पेन्शनवाल्याचं. आमच्या गल्लीत शिवणकाम करणारे एक गृहस्थ आहेत, दोन्ही पाय गेलेले, दाखला 80 टक्क्यांच्या वरचा. त्यांना अपंग पेन्शनचे महिन्याला 600 रुपये मिळतात. ते 61 चे झाले तर कोणीतरी सांगितलं, आता वृद्धावस्थेच्या पेन्शनमध्ये नाव घाला. मी म्हटलं, भाऊ, हलू नका. एकावेळी एकच मिळते आणि हातात तेवढेच 600 पडणार. त्या 600 मध्ये केंद्राचा वाटा अपंगासाठी 300 आहे, तो 2012 पासून जागचा हललेला नाही. साठ ते एकोणऐंशीच्या वृद्धासाठी 200. ऐंशी पूर्ण झाली की अपंग पेन्शन आपोआप वृद्धाची होते, वाटा 500. म्हणजे कागदावर ऐंशीव्या वर्षी पाय बरे होतात आणि माणूस नुसता म्हातारा उरतो.

एक रेल्वे तेवढी उलटी निघाली. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये गेली ती गेलीच, पण सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या अपंगाला स्लीपरमध्ये 75 टक्के अजून आहे, सोबत्यालाही. बायको म्हणते, तुमच्या जिवावर मी काशी करून येईन.

मी नव्याने टक्केवारी काढायला अर्ज करतोय, खांद्यांसकट. इंदुरात साठीनंतर कोणी अशी फेरतपासणी करून घेतली असेल तर कुठले कागद लागले ते कमेंटमध्ये लिहा. फोन केलात तरी चालेल, फक्त सकाळी आठ ते नऊ नको. तेव्हा मी छप्पन दुकानला पोहे खायला गेलेलो असतो.