गणती सुगीत करा, जुलैत नको

एका लेखात वाचलं की नव्या साखर कारखान्याच्या अहवालात गावच्या रस्त्यावरची वाहतूक 'किरकोळ' ठरवली आहे. वाहनांची गणती झाली जुलैत, तीन दिवस. अहो, जुलैत ऊस शेतात उभा असतो, रस्त्यावर नाही!

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमावलीत (आयआरसी ९) ग्रामीण रस्त्यांची गणती वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास करायला सांगितलंय. त्यातली एक सुगीच्या हंगामातच. आणि नुसती वाहनं मोजून भागत नाही. आयआरसी ६४ नुसार मोटरसायकल म्हणजे अर्धी कार, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, बैलगाडी तर आठ!

आता साधा हिशोब. रोज ५,००० टन गाळप, ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन धरले तरी २५० खेपा येणार आणि तेवढ्याच रिकाम्या परत जाणार. म्हणजे रात्रंदिवस दर तीन मिनिटांना एक. साखर आणि मळीचे ट्रक वेगळेच.

माझं गाव ऊसपट्ट्यातलंच. हंगामात मोटरसायकलवरून अंधारात येताना पुढची ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. समोरून दुसरी आली की साइडपट्टीवर उतरायचं, तीही बहुतेक ठिकाणी वाहून गेलेली. शाळेची पोरं याच रस्त्याने सायकलवर.

कारखान्याच्या जनसुनावणीत हंगामातली गणती मागा. लेखी द्या आणि पोच घ्या.